पाव वर्तुळ

अकरा बाय सतरा.
रस्ता रुंद झाल्यावर उरलेला तुकडा,
कारेलीबागेच्या मागच्या अंगाला,
एक लाँड्री आणि एक बंद पडलेली पिठाची गिरणी यांच्या मध्ये.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं कालिंदी सिस्टरांच्या.
"भिंती धरून की सोडून?"
धरून, मी म्हटलं.
"म्हणजे आतून साडेनऊ,"
आणि औषध कंपनीच्या डायरीत त्यांनी आकडा टिपला,
ताप टिपावा तसा.

जशुभाई मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून म्हणाला,
"बेन, आमां तो कबूतर पण पूछीने बेसे."
सिस्टर हसल्या नाहीत.
"माणसाला साडेसहा बाय तीन लागतं.
चौतीस वर्षं चादरी बदलल्यात मी.
त्याहून जास्त माणूस वापरत नाही,
नुसता मिरवतो."

मी तीन रात्री बसले.
पायरीच्या पोटात खण,
पलंगाच्या पोटात धान्य,
भिंतीतून उतरणारं टेबल, ओट्यावर सरकणारी फळी,
जोतं तीन फूट वर, बटणं छातीच्या उंचीला,
कारण विश्वामित्री काही फोन करून येत नाही.
("आणि मगर आली तर?"
माळ्यावर चढा.
"ती चढली तर?"
मग तिलाच राहू दे, सिस्टर.)
कागदावर प्रत्येक इंचाला कामाला लावलं होतं.
एकही इंच बसून खात नव्हता.
मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

त्यांनी नकाशा गुडघ्यावर पसरला.
बोट फिरत फिरत आतल्या खोलीपाशी थांबलं.
"हे दार?"
सरकतं आहे. जागा वाचते.
"आवाज?"
अजिबात नाही. नायलॉनची चाकं.

बाहेर लाँड्रीवाला इस्त्रीवर पाणी शिंपडत होता,
चर्र, चर्र.

"मला आपटता येईल असं दार पाहिजे.
होस्टेलात चौघी होतो, दार हळू.
वॉर्डात रात्रपाळी, दार हळू.
मकरपुऱ्याला भावाकडे दिवाणखान्यात निजायचे,
त्यांचा टीव्ही संपला की.
तिथे दारच नव्हतं.
राग आला की न्हाणीघरात जाऊन
नळ सोडायचा मोठा.
भाऊ म्हणायचा, टाकी रिकामी कोण करतं?"
डायरी मिटली. "आपटेन असं नाही.
पण पाहिजे."

अडीच फुटांचं दार बिजागरीवर फिरतं
तेव्हा जमिनीवर एक पाव वर्तुळ मागतं.
जवळजवळ पाच चौरस फूट.
त्यात काही ठेवता येत नाही,
खुर्ची नाही, कुंडी नाही, चप्पलसुद्धा नाही.
कॉलेजात हे वर्तुळ आम्ही
डोळे मिटून काढायचो, कंपास न लावता.
त्या रात्री मात्र पेन्सिल उचलून
बराच वेळ तशीच धरून बसले.
आमच्या घरी सगळी दारं सरकती आहेत,
मीच निवडली होती.

टेबल गेलं. बेसिन वळलं. खण दोन कमी.
जशुभाईने फ्लश डोअर दाखवलं, स्वस्तातलं,
मग स्वतःच परत ठेवलं.
"हलकुं बारणुं पछाडे तो हसवुं आवे, बेन."
आणि कुठल्याशा पाडलेल्या शाळेचं सागवान घेऊन आला,
अजून एका फळीवर कुणीतरी कोरलेलं: ७ ब.
ते त्याने रंधून काढलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मार्गशीर्षात त्या राहायला गेल्या.
संक्रांतीनंतर मी त्या बाजूला होते, घराला कुलूप.
लाँड्रीवाल्याला विचारलं, कशा आहेत सिस्टर?
"मजेत."
आणि इस्त्री बाजूला उभी करत,
जरा आवाज खाली आणून:
"परवा रात्री एकदा मोठ्ठा आवाज झाला.
मी धावत बाहेर आलो.
मग दार उघडल्याचं ऐकू आलं.
आणि परत एकदा.
दुसऱ्यांदा जरा बरं वाजलं."