बिनखर्चाचा घरजावई

संगणक जेल रोडवरून आणलेला, कुणीतरी आधी वापरलेला.
दोन जीबीची छाती, पंख्याला दमा,
कळांच्या फटींत जीरावनाचे कण.
इथे रामबागेत, या खुर्चीवर पोहे खाता खाता
मी लोकांची लग्नं जुळवते.

सूचीत चौदाशे नावं.
परवा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून
काहीतरी आत शिरलं
आणि दर बायोडेटाला एकेक जुळं झालं.
उघडायला जावं तर दोघंही मुके.

नईम भिया फोनवर म्हणाला,
"काकी, अँटीव्हायरस डाल लो. फ्री वाला चलेगा,
बस, हलका देखना. मशीन बूढ़ी है."

हलका हवा. फुकट हवा.
मी वहीचं पान उलटलं, हातानं सवयीनं लिहिलं :
अपेक्षा –
खाणं बेताचं, स्वभाव शांत,
मागणी काही नाही, मुलीकडे राहायची तयारी.
मग वाचून हसले. असा एक तरी
अठ्ठावीस वर्षांत
कुणाला मिळवून देता आला का मला?

पहिला आला तो थाटात.
उतरवून घेण्यातच दुपार गेली.
मेमरीत पाय पसरून असा बसला
की 'अ' दाबावा, आत जाऊन चहा टाकावा,
चहा गाळून यावं,
तेव्हा कुठे पडद्यावर 'अ'.
चोराला शिरायला जागा नाही, हे खरं.
आम्हालाही नव्हती.
काढला, तर जाता जाता तीनदा विचारलं त्यानं,
खरंच काढताय? का? आमचं काय चुकलं?
नकार कळवल्यावर मुलाकडचेसुद्धा
इतकं मनाला लावून घेत नाहीत.

दुसरा सडपातळ, गोडबोल्या.
तिसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात खाकरू लागला :
आपण धोक्यात आहात.
सुवर्ण योजना घ्या. फक्त आज, निम्म्या दरात.
आम्हाला काही नको हो,
तुमच्या हौसेनं काय ते द्या...
हा सूर मी झोपेतही ओळखते.

नईम हसला. "अरे काकी, एक तो अंदर पहले से बैठा है.
बाहर वाला आया कि वो चुप हो जाता है.
उसी को जगा दो."

म्हणजे घरातलाच.
इतकी वर्षं, आणि मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.

रात्री पूर्ण तपासणी लावली.
खालच्या ओळीत नावं पळू लागली,
टेमणीकर मुलगा बंगळूर, आपटे दुसरेपणा,
पागनीस, ज्यांचं जमलं आणि सहा महिन्यांत फिसकटलं,
एक सरवटे, जो आता नाही,
पण पगार आहे, उंची आहे, चष्मा आहे.

आणि मग ओळ थांबली.
कुमुद_बायोडेटा_नवीन_अंतिम.
माझ्या नणंदेचा. नऊ वेळा मीच टाइप केलेला.
उंची दर वेळी तीच,
वय मात्र मी जरा हात राखून.

यंत्र विचारत होतं :
काढून टाकू, की वेगळं ठेवू?

मागच्या दारी कुमुदवन्सं
सकाळच्या कचरागाडीसाठी
ओला-सुका वेगळा करत होत्या.
मग गॅसचं बटण. मग कडी, एकदा लावून
पुन्हा ओढून बघितलेली.
"झालं का वहिनी? झोपा आता."

हो म्हटलं.
आणि त्या दोन बटणांच्या आसपास
तिसरं कुठे आहे का,
बघत बसले.