खरखर काढून टाका

चेंझिराच्या खोलीत पलंग नाही, दोन स्पीकर आहेत.
गादी भिंतीला टेकवून उभी केलेली,
आवाज तिच्यात मुरतो म्हणे.
झोप कुठे मुरते ते मी विचारलं नाही.

चिटुंग्विझात आमच्या बाजूला वीज येते रात्री दहाला,
म्हणून दहाला गेले, एम्बिरा टॉवेलात गुंडाळून.
चोवीस पट्ट्या. त्यातल्या नऊ
सियासोच्या भंगारबाजारातल्या सोफ्याच्या स्प्रिंगा,
ठोकून चपट्या केलेल्या. माझ्याआधी
त्यांच्यावर कोण कोण बसून गेलं असेल.

त्यानं फोन उशीवर ठेवला. वाजव म्हणाला.
वाजवलं.

पडद्यावर माझा हात उमटला, निळा, डोंगर-डोंगर.
खरं सांगते, आवडलं मला.
एकोणतीस वर्षं वाजवतेय, पण स्वतःचा अंगठा
असा बाजूला उभं राहून कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाला, मावशी, एक कुठाय?
कसला एक?
पहिला ठोका. रेघेला लावायचाय.
अरे, ही गत म्हणजे सायकलचं चाक.
व्हॉल्व्ह जिथे येईल तिथून भर हवा.
तो हसला, आणि आपल्या मनानं एक जागा धरली.
वाईट नव्हती जागा.

चुकलेली पट्टी त्यानं दोनदा पुसली.
एका बोटानं मागे जाता येतं!
हे मात्र हवं होतं मला,
अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, बसस्टॉपवर,
ते वाक्य बोलून झाल्यावर.

मग डोळे बारीक करून:
मावशी, तुझ्या वाद्यात काहीतरी सैल आहे.
सैल नाही रे, बुचं आहेत. सोड्याच्या बाटल्यांची. सात.
मुद्दाम लावलीत.
मुद्दाम?

आता काय सांगू याला.
नुसता स्वर जिवंतांना पुरतो, पोरा.
त्याच्या कडेनं झणझण उठते, ती जवारी,
ती ऐकून गेलेले वळून बघतात.
एवढं बोलायला वेळ लागतो,
आणि वीज मिनिटांवर मोजलेली.
तोवर त्याचं बोट बटणावर: खरखर काढून टाका.
किती, कुणाची, काही विचारणं नाही.
काढली.

स्वच्छ झालं गाणं. घासून पालथं घातलेलं ताट,
जेवण झालंय की व्हायचंय ते कळू नये असं.
रातोरात लीड्सला पाठवलं, तावोनाला.
तो तिथे म्हाताऱ्यांच्या घरात रातपाळी करतो.
उत्तर आलं: छान आहे आई.
तुला बरं नाही का?

परवा वीज नाही. फोन नऊ टक्के.
भांडी घासताना ऐकू यावं म्हणून
फोन भोपळ्यात ठेवला, एम्बिरा ठेवते त्याच,
शेजारची मार्वेई वाडग्यात ठेवते तसा.
भोपळ्याच्या काठालाही बुचं आहेत, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

तिसऱ्या फेरीला, सगळ्यात खालच्या स्वरावर
एक बूच हललं. गंजकं.
मग त्याच्या शेजारचं.
फोनची पाठ रबरबँडनं धरलेली, काचेला तडा,
तीही लागली बोलायला.
हात साबणाचे तसेच. मार्वेईचा फोन मागून आणला,
याचं त्याच्यावर घेतलं, मध्येच तिचा कोंबडा आला,
येऊ दिला.
सहा टक्के.
पाठवलं.

लीड्सहून शब्द आले नाहीत. अकरा सेकंदांचा आवाज आला.
तावोना टेबलावर नखं वाजवतोय,
होशो हलवावा तसा, चाकात बरोबर शिरलेला,
मागे एक यंत्र टीं टीं करतंय
आणि कुणीतरी म्हातारं खोकतंय, लांब, ओलं.
यातलं त्यानं काहीच काढलेलं नाही.

चार टक्के.
कोण खोकतंय ते विचारायला हवं.