परिच्छेद नऊ

साकोलीच्या कोर्टात, पानठेल्याला लागून माझं टेबल.
आधी टाइपरायटर होता, आता संगणक आणि इन्व्हर्टर.
बोटं तीच.
वादपत्राचा नववा परिच्छेद त्यांना पाठ आहे :
दाव्यास कारण कुठं घडलं, कधी घडलं.
वकिलानं सांगायच्या आधीच ती टाकतात,
"वादीस सदर बाब गेल्या महिन्यातच प्रथम कळली."

गेल्या महिन्यात कळली
चाळीस वर्षांपूर्वीची वाटणी,
आजोबानं करून दिलेलं बक्षीसपत्र,
शेजाऱ्याची भिंत, जिच्या सावलीत
वादी गोट्या खेळून मोठा झाला.
एवढी माणसं या तालुक्यात
गेल्या महिन्यापर्यंत झोपून होती.

डोमा पर्शुरामकर झोपला नव्हता.
थैलीतून त्यानं हक्कसोडपत्राची नक्कल काढली,
सन सत्याऐंशी, त्याचाच अंगठा,
सोसायटीच्या कर्जाचा कागद म्हणून घेतलेला.
तळ्याखालची दोन खंडी धानाची बांधी
त्या अंगठ्याखालून भावाकडे गेली.

हातझाडे वकील म्हणाले, नऊमध्ये नेहमीचं टाक.
टाकलं. वाचून दाखवलं.
म्हातारा स्टुलावरून उठलाच.
"गेल्या महिन्यात? मले त्याच दिशी मालूम झालतं.
दिवे लागाच्या वक्ताले. भाऊ सोताच सांगून गेला.
कौतिका भात पसवत होती, वाफेत तिचं तोंड दिसत नव्हतं.
तसं लिवा."
वकील मुदतीचा कायदा सांगत राहिले, तीन वर्षं, बारा वर्षं.
"भाऊ जित्ता होता तवा," म्हातारा म्हणाला,
"जित्त्या भावावर कसा दावा करू?"

मी ओळ खोडली.
"वादीस सदर बाब त्याच दिवशी कळली."
सव्वीस वर्षांत अशी ओळ
मी पहिल्यांदा टाइप करत होतो.
की-बोर्डवर बोटं अडखळली.

तीन महिन्यांनी त्याच स्टुलावर कौतिका,
आता भावाची विधवा,
एसटीतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली :
धाऱ्याच्या पावत्या, सातबारे, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला.
तिच्या वकीलबाईंनी पेटीकडे पाहिलंही नाही.
आदेश सात, नियम अकरा. एक पान.
"वादीच्याच कथनानुसार", असं टाइप करून
मी म्हाताऱ्याची फाइल उघडली,
परिच्छेद नऊ उचलला
आणि इथं चिकटवला.

सुनावणी चहा थंड व्हायच्या आत संपली.
साक्ष नाही, पुरावा नाही.
वादपत्र मुदतबाह्य, सबब फेटाळण्यात येते.
बरोबरच झालं. बाजूच्या खोलीत
चौऱ्याण्णवचा एक दावा आहे अजून,
त्यातले वारस मी तीनदा बदललेत,
मूळ भांडण कशावर होतं ते आता
एका शिपायालाच आठवतं,
तोही मार्चमध्ये निवृत्त होतोय.
दारातून परत पाठवणं
कधी कधी उपकारच असतो.

कौतिका पायरीवर पेटी मांडीशी धरून बसलेली.
"उघडलीच नाई," म्हणाली.
जिंकल्याचं तिला कुणी सांगितलं होतं की नाही,
कोण जाणे.

नक्कल मिळाल्यावर डोमा आला.
वाचा म्हणाला. वाचलं, दीड पान.
"म्हंजे तिची पेटी नाई पाह्यली?"
नाही. या टप्प्यावर फक्त वादीचंच वाचतात.
"फक्त माहं?"
फक्त तुमचं.
"सगळं?"
सगळं.
त्यानं टोपी सरळ केली.
हरलेल्या माणसाला इतकं ताठ
मी या आवारात पाहिलं नव्हतं.
मग खाली वाकून, हळू आवाजात :
"भात पसवत होती, तेबी वाचलं?"

ते मी कुठं टाकलं होतं?
कायद्याच्या कामाचं नव्हतं.

हो, म्हणालो मी.
आणि टायपिंगचे उरलेले वीस रुपये
घेतले नाहीत.