रुमालाखाली

मिरजेच्या लॅबमध्ये दंडाला रबरी पट्टा आवळला
तर अप्पा त्या पोराला म्हणाले,
"वानगी घेतोस होय? मग पोत्याच्या तळातली घे."

रक्तात म्हणे टाऊ नावाचं प्रथिन असतं.
विसर दाराशी यायच्या
कितीतरी वर्षं आधी
आत त्याचा साठा सुरू होतो.
तेव्हा अप्पा सांगलीच्या यार्डात
हळदीचे सौदे तोडत होते,
नखं पिवळी, हिशेब तोंडपाठ.

रिपोर्ट आला. वाचायला मागितलाच नाही.
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला,
खालून बोटं पुढे केली.
"बोल, किती?"

आकडा मोठा होता.
मी दोनच बोटं दाबली.

"भाव पाडलास, शकू.
माल माझा आहे. मला कळतो."

शकू माझी आत्या. वारली.

टॉवेल तसाच,
हात अजून आत.