हिंव

सर्जेकोटच्या बंदरावर
निम्मे खलाशी नेपाळी, आणि सगळे नेपाळी बहादूर.
आईनं मात्र पहिल्याच सकाळी विचारलं,
"तुजा नाव काय रे?"
धनबीर रोकाया. बझाङचा.
आई म्हणाली, धनू.
बझाङ तिनं सोडून दिलं.

बाबांना तो दाजु म्हणायचा.
होडीवर हसू फुटलं:
"तांडेल, ह्येका बहीण आसा काय?"
दाजु म्हणजे थोरला भाऊ
हे कळायला बांगड्याचा आख्खा हंगाम गेला.
तोवर बाबांनी त्याला मेव्हण्याच्या मानानं
रोज एक तुकडी जास्त वाढायला लावली,
आणि कळल्यावर ती बंद कशी करायची
हे कोणालाच सुचलं नाही.

मी वरच्या खोलीत.
राउटर खिडकीत, तिथंच काय ती रेंज.
माझं काम पुण्या-हैदराबादच्या पोरांना शिकवायचं
परदेशी ग्राहकाशी कसं बोलावं.
स्लाइड चार: संथ बोला.
स्लाइड सात: गृहीत धरू नका.
स्लाइड नऊ: शांतता पडली तर भरू नका,
तीनपर्यंत मोजा.
नऊ माझी आवडती.
वीज गेली तरी ती चालू राहते.

एप्रिलची दुपार, वारा पडलेला.
पडवीत जाळं सांधता सांधता
धनू आईला मोबाइल दाखवत होता.
पांढरं छप्पर, पांढरी वाट,
एक म्हातारी आणि तिच्या पायाशी शेळी,
तीही अर्धी पांढरी.
"हिउँ," तो म्हणाला.
मग पडद्यावर बोट टेकून, पुन्हा,
"हिउँ, आमा."

आईचा हात थेट त्याच्या कपाळावर.
"हिंव भरलां तुका? मगे सांगनस नाय!"
आणि आतून घेऊन आली ट्रंकेतली गोधडी,
तिच्याच दोन जुन्या पातळांची,
डांबरगोळीच्या वासाची.
अंगणात वाळत घातलेले सुंगटसुद्धा
उन्हानं वळून गेले होते.

मी जिन्यात होते. सांगणारच होते,
अगो, तो बर्फ दाखवतोय, त्याला ताप नाही.
तोंड उघडलं, आणि
एक.
दोन.
धनूनं गोधडी कानांपर्यंत ओढून घेतली.
हनुवटीवरचा घाम टपकला
मोबाइलवर, त्या छपरावर.
आई पेज ठेवायला चुलीकडे वळली तेव्हा
तो माझ्याकडे न बघता हिंदीत म्हणाला,
"बोलना मत, दीदी."

मे सरताना होड्या ओढल्या.
तो "येतो" म्हणाला, शिकवलं होतं तसं,
आणि आला नाही.
नारळी पुनवेनंतर दुसराच आला, त्याच गावचा.
धनबीर पोलंडला, म्हणाला,
कोंबड्या कापायच्या कारखान्यात.
आई त्याला मधूनमधून गोधडीचं विचारते.
त्याला गोधडी म्हणजे काय ते कळत नाही.
तो हो म्हणतो.

जानेवारीत हॅम्बर्गचा एक ग्राहक,
बिल आमचंच चुकलेलं, तेही दुसऱ्यांदा.
पोरं गप्प, म्हणून मी बोलत होते,
संथ, काही गृहीत न धरता.
बोलता बोलता त्याच्या पाठच्या खिडकीत
पांढरं पडायला लागलं.
तो वळून बघत राहिला.
एक.
दोन.
तीनच्या आधी माझ्या तोंडून निसटलं,
इंग्रजीतच, पण हेल आईचा,
अंगावर काही घेतलंय ना तुम्ही?

पलीकडे काहीच नाही.
पोरं आपापल्या चौकटीतून माझ्याकडे बघताहेत.
मग त्या माणसानं कॅमेरा हळूच खाली वळवला:
करडे मोजे, मांडीवर शाल,
शालीवर झोपलेलं जाडं मांजर.

बिल तरीही त्याच दिवशी
दुरुस्त करून द्यावं लागलं.

खालून, बांगडे खवळता खवळता,
आईनं हाक मारली,
"कोणाक बरा नाय गो?"

इंग्रजी येत नाही तिला.