असवानचा गोटा

नागपूरच्या एजंटनं कागद पाठवला आहे:
सात रात्री, आठ दिवस, नाश्ता धरून.
गिझाचे तीन पिरॅमिड, सिंहाच्या अंगाची ती मूर्ती,
कर्नाकचे खांब, राजांच्या थडग्यांची दरी,
नाइलवर एक संध्याकाळ, बोटीत जेवण आणि नाच.
खाली बारीक अक्षरात:
असवान ऐच्छिक, जादा आकार.

तो कागद घेऊन मी सावरटोल्याला आलो.
इथं लिंबाजीमामा आता फक्त एका फोटोत आहे:
उंटावर, निळी टोपी फोटोत करडी,
मागं पिरॅमिड, जरा कलंडलेला,
कारण फोटो काढणारा पंजाबी शिपाई हसत होता.
मी जन्मायच्या आधी मामा शांतिसेनेतून गाझाला गेला होता,
आणि मिळेल त्या सुट्टीत
पाहायचं ते पाहून आला होता.

त्याची मापं वेगळी होती.
'पिरॅमिड? तेरा एकर बूड हाय त्याचं.
पाटलाचं बोडीखालचं अख्खं वावर घे, धुऱ्यासकट.
अन् त्यात ना रोवणी, ना लाखोळी.
एक मानूस झोपला, बस.
तोही आता तिथं नाही म्हन्ते.'
मूर्तीबद्दल: 'नाक नाही. पन पाहून अशी रायली,
जसे आपन उधारी मांगाले आलो.'
कर्नाकात त्यानं खांब मोजायला घेतले,
एकसष्टाव्याला ट्रकचा भोंगा वाजला.
बाकीचे तू मोज, म्हणायचा.

पण मामा पाथरवटाचा पोरगा.
त्याच्या बापानं सात गावांच्या पाट्यांना टाकी लावलेली.
सुट्टीचे चार दिवस उरले, तेव्हा
सोबतचे सगळे कैरोत सिनेमाला थांबले
आणि हा रेल्वेत बसला,
खदान पाहायला.

'तिथं हाय खरी गोष्ट,'
पडवीत मोहफुलं निवडता निवडता तो सांगायचा.
'एक खांब. निजलेला. खडकातच.
तीन बाजू मोकळ्या, पाठ अजून डोंगराले चिकटून.
साऱ्या मिसरात याच्याहून लंबा कोनी नाही.
अन् मंग तडा.
बारीक, हिरीत सोडलेल्या दोरावानी.
त्या दिवशी मुकादमानं काय शिवी देल्ली असंन,
थे कुठंच लिवलं नाही बे.
बाकी तं भिताडं भरून लिवलं त्यायनं.'

टाकीची खूण त्याला तिथं दिसली नाही.
लोखंड नव्हतंच हाती, काळ्या दगडाचे गोटे होते,
ते आपटत, ठेचत, खडकाचं पीठ करत
माणसं ओळीनं पुढं सरकली होती.
एका ठेचल्या खळग्यात मामानं तळहात ठेवून पाहिला.
'बाबा आठवला.'
त्यापुढं तो कधी सांगत नसे.

आज्याचाही एक दगड अर्धाच आहे,
नाल्यावरच्या खदानीत: जात्याची तळी,
गोल होत आलेली, आणि आरपार भेग.
पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं, बकऱ्या पितात.
आल्या पाहुण्याला मामा ती दाखवायला न्यायचा,
तिकीट म्हणून एक बिडी घ्यायचा.

आणि हा गोटा.
काळा, दोन मुठींएवढा.
मामा म्हणायचा, असवानचा, बिस्तऱ्यात गुंडाळून आणला.
मामी म्हणते, नाल्यातला.
'पेटीत एक कांबळ होतं अन् खजूर,
मीच तं उघडली पेटी.'
साठ वर्षं ती त्यानं चारोळ्या फोडते आहे.
एक बाजू गुळगुळीत झालीय,
ती कुणाच्या हातानं, ते मी सांगू शकतो.
दुसऱ्या बाजूचं नाही.

रात्री एजंटला फोन लावला, असवान धरा म्हटलं.
'सर, तिकडं तो एक अर्धवट दगड आहे,
आपले लोक सहसा नाही जात.'
किती जादा, विचारलं.
त्यानं आकडा दोनदा सांगितला.

सकाळी गोटा बॅगेत ठेवून पाहिला,
कपड्यांच्या मधोमध.
बॅग एका अंगाला कलली.

अंगणात मामी सूप घेऊन बसलेली,
पुढ्यात वाळल्या चारोळ्यांचा लहानसा ढीग.
तिनं वर न पाहता
हात पुढं केला.