मागचं दार

जिल्हा परिषदेच्या लिलावात सात गाड्या होत्या.
सहा भंगारवाल्यांनी ओढून नेल्या.
सातवी मी घेतली,
ग्रॅच्युइटीतून, पोराला न विचारता.
बाबू म्हणाला, सिस्टर, पत्रा विकणार का हिचा?
म्हटलं, नाही, हिच्यात झोपणार.
तो हसला नाही.
आधार कार्ड पुन्हा एकदा नीट पाहिलं त्यानं.

मूर्तिजापूरच्या अय्यूब मिस्त्रीनं भोंगा काढला,
इंजिन खोललं,
आणि दोन महिने रोज ‘उद्या’ म्हणाला.
दारावरचं लाल अधिकचं चिन्ह
त्यानं पिवळ्या रंगाखाली दाबलं.
उन्हं तिरपी झाली की ते अजून वर येतं.
मग कुठल्यातरी फाट्यावर कुणीतरी हात करतं :
कोन बिमार हाय?

चालवायला देवरावनं शिकवलं,
याच गाडीवर, दवाखान्यामागच्या मैदानात,
दुपारी पेशंट नसले की.
क्लच कसा सोडायचा?
पाळण्यातलं पोरगं झोपलं
की त्याच्या मुठीतून बोट काढता ना सिस्टर, तसा.
देवरावला जाऊन चार वर्षं झाली.
गाडी अजून डावीकडे ओढते,
त्याच्या पानठेल्याच्या बाजूनं.

स्ट्रेचर होतं तिथं आता गादी.
सलाईनच्या हुकाला टॉर्च, नाहीतर केळीची फणी.
ऑक्सिजनच्या खणात तांदूळ, तिखट, मोहरी.
या गाडीत अकरा पोरं जन्मली,
रस्ता संपायच्या आत.
एकीचं नाव तिच्या आजीनं गाडीच ठेवलं होतं,
शाळेत घालताना मास्तरनं गार्गी केलं.
दोन जगली नाहीत.
ती बाजू मला माहीत आहे.
तिकडे पाय करून मी झोपत नाही.

दारव्ह्याच्या अलीकडे पोह्याची गाडी.
सोबत कोनी नाई?
नाई.
काहून?
नवरा वारला की त्यानं टाकलं,
हे लोक दुसऱ्या घासाला विचारतात.
नवरा आहे. घरी आहे.
त्याला प्रवासात ओकारी होते.
यावर कुणाला काही बोलता येत नाही.
मी आणखी तर्री मागते.

रात्री तो फोन करतो.
जेवली का, असं नाही.
मागचं दार लावलं का?

मंगरूळपीरच्या पुढे एका तलावाच्या पाळूवर
डिसेंबरची थंडी,
खाली हरभऱ्याची वावरं,
घाट्यांचा आंबट वास.
दोन वाजता दार वाजलं.
चौतीस वर्षांची सवय,
डोळे उघडायच्या आधी पाय चपलेत.
दार उघडता उघडता विचारलंसुद्धा :
कळा कधीपासून सुरू आहेत?

बाहेर एक मेंढपाळाचा पोरगा, घोंगडीत.
माचिस हाय का, मावशे?

दिली.
तो गेला.
माझे हात तसेच पुढे धरलेले,
काहीतरी झेलायला असावेत तसे.
थोड्या वेळानं पाळूखाली त्यांची शेकोटी पेटली,
एक कुत्रं भुंकलं आणि विसरलं.
मी मागच्या दारात पाय खाली सोडून बसले.
कुणाला काही झालेलं नव्हतं.
एवढ्या रात्री, एवढ्या अंधारात,
कुणालाच काही झालेलं नव्हतं.
हे पटायला मला उजाडेपर्यंत वेळ लागला.
माचिस परत आली नाही.
चहा त्यांच्याच शेकोटीवर झाला, बकरीच्या दुधाचा.

सकाळी त्याचा फोन.
बेबीनंदा, दार लावलं होतं ना?
हाव, म्हटलं.
मग थांबला जरा.
म्हणाला, गोळी घेतली तर नाही होत ओकारी,
मंगरूळपर्यंत बस येते ना?

आवाज तुटतोय, म्हटलं, रेंज नाही.

टॉवर समोरच उभा होता,
त्याच्यावर दोन पोपट.